सरांची बाटली

“शकीलभाई, तिला हात लावू नका.”

शकीलभाई स्टुलावर उभे होते. हातात ओलं फडकं, खांद्यावर पंचा. भिंतीतल्या कोनाड्याचं काचेचं दार त्यांनी उघडलं होतं आणि आत गद्रेसरांच्या फोटोशेजारी ती बाटली होती. तपकिरी काचेची, काचेच्याच बुचाची, वर्षानुवर्षांच्या हळदी-कुंकवाने इतकी माखलेली, की तिच्यावर कधी लेबल होतं की नाही हेही सांगता आलं नसतं.

“उद्या पूजा तिचीच आहे ताई. तिलाच सोडून काय पुसू?”

“बाकी सगळं पुसा. ती तेवढी राहू द्या. बुचाजवळचं ते पिवळं काय आहे, ते मला आधी बघायचंय.”

ते माझ्याकडे बघून हसले. “हळद आहे. एवढं शिकलात आणि हळद ओळखू येईना?”

ती अष्टमीची दुपार होती. एम.एस्सी. होऊन मला वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठाने शून्य कचरा परिसर अशी योजना काढली होती आणि त्यात मी प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. कॅन्टीनचं खरकटं खताच्या खड्ड्यांत जायला लागलं होतं, वसतिगृहांचा सुका कचरा वेगळा होऊन भंगारवाल्याकडे जात होता. हे सगळं माझ्या अंदाजापेक्षा सोपं निघालं, कारण खरकटं टाकायचं असतं याबद्दल कुणाचं दुमत नसतं. अवघड होती ती प्रयोगशाळांची कपाटं. तिथे कचरा आहे हेच कुणाला मान्य नव्हतं. फुटक्या तापमापकांची पेटी मागायला गेले तर एक प्राध्यापक म्हणाले, राहू दे, लागतं कधीकधी. दुसऱ्यांनी डांबरासारखं झालेलं एक द्रावण अक्षरशः छातीशी धरलं. त्याच्यावर त्यांची पीएच.डी. झाली होती.

म्हणून मी खंडेनवमी धरली. वर्षातून हा एकच दिवस असा, की विद्यापीठातली प्रत्येक प्रयोगशाळा, कार्यशाळा, गाड्यांचं गॅरेजसुद्धा आपली कपाटं आपणहून उपसतं. यंत्रांना हार घालायचे तर आधी त्यांच्यामागची घाण काढावी लागते. अष्टमीच्या सकाळपासून मी हातगाडी घेऊन विभागाविभागांतून फिरत होते आणि लोक पहिल्यांदाच मला हाक मारून बाटल्या देत होते. घातक कचरा नेणारी गाडी दसऱ्यानंतर यायची होती.

सरांच्या बाटलीचा त्यात प्रश्नच नव्हता. गद्रेसर म्हणजे रसायनशास्त्र विभागाचे संस्थापक. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल विभागात प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असायची. सर देवळात जात नसत, त्यांच्या घरी देव्हारा नव्हता, मुलीचं लग्न त्यांनी कचेरीत लावलं. आणि तरी दर खंडेनवमीला सकाळी सर्वांच्या आधी विभागात येऊन ते या बाटलीची पूजा करत. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांच्यामागे उपासनीमॅडमनी पूजा चालू ठेवली. बाटलीत काय आहे यावर आम्हा विद्यार्थ्यांत बरेच वाद होते. कुणी म्हणे सरांनी बनवलेला पहिला पदार्थ, कुणी म्हणे गंगाजल. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी आम्ही कोनाड्याच्या काचेला हात टेकवून कपाळाला लावायचो. मीही लावलाय.

त्या दुपारी मात्र खिडकीतलं ऊन नेमकं कोनाड्यात येत होतं. कुंकू काळपट पडलं होतं. बाटलीच्या पोटावरची हळद विटून मातकट झाली होती, आणि ते बरोबरच होतं, हळद उजेडात टिकत नाही. पण जिथे बूच गळ्यात बसतं तिथला पिवळा रंग ताजा होता. आणि ती पूड नव्हती. बारीक, चकाकणारं काहीतरी होतं, सुया एकमेकींत अडकून बसाव्यात तसं.

कोनाड्यात खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता. बुचाखालच्या जागी त्याच्यावर थोडंसं पिवळं सांडलेलं दिसत होतं. मी ओल्या कुंचल्याच्या टोकावर त्यातलं अगदी किंचित उचललं, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवलं आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे घरात धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. फरशीवरचे काही कण लाल झाले. बाकीचे झाले नाहीत. ते थेंबात विरघळले आणि थेंब पिवळाधमक झाला.

मला बसवेना. पिवळे पदार्थ पुष्कळ असतात, मी स्वतःला सांगितलं. पण जुन्या प्रयोगशाळेत, घट्ट बुचाच्या बाटलीत, गळ्याशी सुया धरणारा पिवळा पदार्थ म्हटल्यावर रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला आधी एकच नाव आठवतं. पिक्रिक अ‍ॅसिड. पूर्वी त्याने रेशीम रंगवत, भाजल्यावर लावत, आणि तोफगोळ्यांतही भरत. पाण्यात बुडालेलं असेल तर निमूट असतं. वाळलं, आणि त्याचे खडे बुचाच्या सांध्यात अडकले, तर बूच फिरवण्याएवढं घर्षणही पुरतं.

शकीलभाईंना मी पुन्हा बजावलं की मी येईपर्यंत बाटलीला शिवू नका. ते बरं म्हणाले. पण ते बरं कसं होतं ते मला कळत होतं. शकील तांबोळी विभागाचे परिचर होते, मी महिन्याच्या करारावरची पोरगी होते, आणि पूजेची तयारी संध्याकाळच्या आत व्हायची होती.

उपासनीमॅडम केबिनमध्ये उभ्या राहून झेंडूचे हार वितीने मोजत होत्या. त्या विभागप्रमुख. मला शिकवलेल्या. पीएच.डी.ला ये म्हणाल्या होत्या. मी या कामाला लागले, ते त्यांनी मनावर घेतलं होतं.

“या, कचरामंत्री. आज काय उचलायचंय?”

“मॅडम, सरांच्या बाटलीत काय आहे?”

“सरांनी सांगितलं नाही. आणि आमच्या वेळी आम्ही सरांना उलट प्रश्न विचारत नव्हतो.”

मी फरशीवर काय झालं ते सांगितलं. हळदीचं, साबणाचं, सुयांचं. त्या हार हातात धरून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी हार टोपलीत ठेवला.

“वसतिगृहाच्या गाद्या झाल्या, पंखे झाले, आता विभागाचा देव न्यायला आलीस.”

“न्यायला नाही. पण ते पिक्रिक असेल तर—”

“पिक्रिक कोरडं ठेवायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“आणि मला?”

उत्तर त्यांनीच दिलं.

“सरांनी. पहिल्या वर्षाला, पहिल्या महिन्यात. ज्या माणसाने मला ते शिकवलं, तो स्वतःची बाटली कोरडी ठेवून जाईल?”

मॅडम मग मला समजावायला लागल्या. त्या कोनाड्याखाली कित्येक वर्षं विद्यार्थी काम करताहेत, कुणाच्या हातचं काय कुठे उडालं असेल सांगता येतं का. एका थेंबावरून निष्कर्ष काढायला मी तुला शिकवलेलं नाही. हे सगळं खरंच होतं. मी टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला जात होते. त्यांनी मला एकदा बस म्हटलं, दोनदा म्हटलं.

“आणि तुझं समाधान तसंही होईल,” त्या म्हणाल्या. “मी तांबोळींना सांगितलंय, या वेळी बूच काढून आतूनही धुवा. उद्या पूजेला कुलगुरू येणार, त्यांच्यासमोर ती असली राड झालेली बाटली—”

पुढचं मी ऐकलं नाही. मी व्हरांड्यातून पळत होते. माझ्यामागे मॅडमच्या चपलांचा आवाज येत होता, पण त्या का पळताहेत याचा विचार करायला मला वेळ नव्हता.

शकीलभाई स्टुलावरच होते. कोनाडा रिकामा होता. बाटली त्यांच्या छातीशी होती, दोन्ही तळव्यांत धरलेली, आणि एक पाय स्टुलावरून उतरायला निघाला होता.

“तिथेच थांबा,” मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्यापेक्षा हळू निघाला.

“खाली घेतोय फक्त. मॅडमनी सांगितलंय म्हणून—”

“तांबोळी.” मॅडम माझ्यामागे येऊन थांबल्या होत्या. “पाय वर घ्या. बुचाला हात लावू नका. मुळीच हलू नका.”

मग त्या पुढे गेल्या. बाटलीपासून हातभर अंतरावर थांबल्या, मान वाकडी करून त्यांनी बुचाच्या खालच्या कडेकडे उन्हात पाहिलं. चष्मा वर केला आणि पुन्हा पाहिलं.

“सुया आहेत,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, की स्वतःशी, कळलं नाही.

“काय आहे हिच्यात?” शकीलभाईंनी विचारलं.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी क्षणभरच वेळ घेतला. “स्फोटक असू शकतं. असेलच असं नाही.”

शकीलभाईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. “मग कुठे ठेवू ते लवकर सांगा. हात घामेजायला लागलेत.”

“मी घेते,” मॅडमनी हात पुढे केले.

“नको. माझ्या हातात बसलीय ती.”

खाली उतरणं नको, टेबल नको. जिथून काढली तिथेच परत ठेवायची, असं मॅडमनी ठरवलं. कोनाड्याचा तळ दगडी होता. स्टुलाच्या दांडीवर ओलं फडकं लोंबत होतं. मी त्याची घडी घातली आणि दुसऱ्या स्टुलावर चढून, शकीलभाईंच्या कोपराखालून हात घालून, ती कोनाड्यात पसरली. मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी नारायणपेठी नेसली होती. त्या फरशीवरच्या साबणाच्या पाण्यात बसल्या होत्या आणि त्यांनी शकीलभाईंच्या स्टुलाचे दोन पाय दोन हातांनी घट्ट धरले होते. स्टुलाचा एक पाय आखूड होता. ते डुगडुगतं हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते दुरुस्त केलं नव्हतं.

शकीलभाई कंबरेतून वळले. हात पुढे गेले. काच फडक्यावर टेकली त्याचा आवाज झाला नाही, आणि तरी मी त्या आवाजाची वाट बघत राहिले.

“ठेवली,” ते म्हणाले.

त्यानंतरचा वेळ मला सर्वांत अवघड गेला. इमारत रिकामी करायची म्हणजे प्रत्येक दार ठोठवायचं, प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि प्रत्येकाला काहीतरी आत विसरलेलं असतं. रांगोळीला आलेल्या मुली रंगांचे डबे घेऊन बाहेर आल्या. डांबरवाले प्राध्यापक स्वतःची बाटली आणायला परत निघाले, त्यांना मी जिन्यात अडवलं. मुलांना एवढंच कळलं की पूजा नाही, म्हणजे कदाचित प्रॅक्टिकलही नाही, आणि ती खुशीत होती. कुलसचिवांच्या कार्यालयातून मॅडमना फोन आला. पोलीस बोलावणं टाळता येईल का, ती बाटली माझ्या कचऱ्याच्या गाडीतूनच गुपचूप नेता येणार नाही का, उद्या कुलगुरू येणार आहेत. मॅडमनी नाही एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून स्वतः पोलिसांना लावला. बॉम्बशोधक पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचं होतं.

आम्ही तिघं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली थांबलो. शकीलभाई कठड्यावर बसले होते. मॅडम बसत नव्हत्या. मीही बसत नव्हते. स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येत होते आणि प्रत्येक फेरीला कोनाड्यासमोरची खिडकी दिसते का ते बघत होते. ऊन उतरायला लागलं होतं. त्या ओल्या फडक्यातलं पाणी वाळतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने काही फरक पडणार नव्हता हे माहीत असूनही.

मॅडमनी एकदम विचारलं, “घोलपांचा नंबर आहे का कुणाकडे?”

घोलपमामा म्हणजे शकीलभाईंच्या आधीचे परिचर. सरांच्या काळापासूनचे. नंबर शकीलभाईंकडे होता. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे पंपाचा आवाज येत होता. मामांनी तो कुणाला तरी बंद करायला लावला. ख्यालीखुशाली मॅडमनी विचारली नाही.

“मामा, सरांची बाटली. पूजेच्या आधी तिचं तुम्ही काय करायचात?”

“काय न्हाई. पुसायचो. पाणी घालायचो.”

“पाणी कुठे घालायचात?”

“बाटलीत. अजून कुठं घालणार? आधी बुचावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं घटकाभर, मग हळूच काढायचं, गळ्यापतुर भरायचं. सर होते तवर सर सोता घालायचे. त्यांच्या मागं मी. तुम्ही समदे यायच्या आधी व्हायचं ते.”

“कशासाठी, ते सांगितलं होतं त्यांनी?”

“इचारलं व्हतं मी एकदा. म्हणले, घोलप, हिला तहान लागते. वर्षातनं एकदा तरी पाजायचं, पूजेला आठवण राहती.”

मॅडमनी डोळे मिटले. “मग हे शकीलना का नाही सांगितलंत?”

मामा रागावले नव्हते, आठवत होते. “कवा सांगणार मॅडम? मी सुटलो ते टाळेबंदीत. इमारतीला कुलूप. किल्ल्या वॉचमनकडं दिल्या आन् गावाला आलो. निरोपसमारंभबी न्हाई झाला. मला वाटलं, पूजा तुमच्याकडं हाय तर पाणीबी तुमाला ठावं असंल.”

मॅडमनी त्यांना काय झालंय ते सांगितलं. नीट, काही न लपवता. तुमची चूक नाही, असंही सांगितलं. फोन बंद झाल्यावर त्या पत्र्याच्या खांबाला टेकल्या.

“शेवटचे भेटले तेव्हा सर मला म्हणाले होते, शैलजा, पूजा चुकवू नकोस. मी चुकवली नाही. टाळेबंदीतसुद्धा घरी फोटो मांडून हार घातला.”

मला विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. “मॅडम, सर देव मानत नव्हते.”

“नव्हते.”

“मग नुसती सूचना का नाही लावली? बाटली ओली ठेवा म्हणून?”

“कुठे लावणार? भिंतीवर? पुढच्या रंगकामात गेली असती. बाटलीवर लावली असेलही. तिच्यावर आम्ही कुंकू वाहिलं.” त्या इमारतीकडे बघत होत्या. “आपल्याकडे काय टिकतं ते त्यांना माहीत होतं, प्रणाली. मला ते आज कळतंय.”

“पण टाकून तरी द्यायची. ठेवली कशाला?”

“टाकून कुठे?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. “तुझी गाडी आत्ता यायला लागली. तेव्हा काय होतं? मोरी होती, आणि इमारतीमागची विहीर होती. त्या विहिरीचं पाणी वसतिगृहाला जात होतं. सर ती कुणाला देऊ शकत नव्हते आणि ओतू शकत नव्हते. मग ती त्यांनी कोनाड्यात ठेवली.”

शकीलभाई हे सगळं ऐकत होते. पंचाने त्यांनी पुन्हा हात पुसले.

पथक आलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. जाड पोशाखातला एकजण आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पुढे त्यांनी जे केलं ते मी लांबूनच पाहिलं. वाळूने भरलेल्या पेटीत बाटली, पेटी हळूहळू चालणाऱ्या गाडीत, गाडी रोपवाटिकेच्या पलीकडच्या पडीक माळावर. त्यांच्या अधिकाऱ्याने मॅडमना विचारलं, ही वस्तू तुम्हाला परत मिळणार नाही, चालेल ना? मॅडम म्हणाल्या, चालेल. मग आम्हाला आणखी मागे सरकायला लावलं.

आवाज मी कल्पना केली होती त्याहून कोरडा होता. एकच. माळावरून धुळीचा एक उंच खांब उठला आणि वसतिगृहाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. कुलसचिवांच्या कार्यालयातला माणूस, जो दुपारी फोनवर ही बाटली माझ्या कचऱ्याच्या गाडीत घाला म्हणत होता, तो खाली बसला. अधिकाऱ्याने येऊन सांगितलं की त्यांनी लावलेलं स्फोटक अगदी थोडं होतं. बाकीचं सगळं बाटलीचं.

कॅन्टीनवाल्याने कुणी न सांगता चहा आणला. मी तीन कप घेऊन स्टँडकडे गेले. मॅडमनी घेतला पण प्यायल्या नाहीत. शकीलभाईंनी एक घोट घेतला, कप कठड्यावर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, एखाद्या नळाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

“मी ते बूच काढून बघितलं होतं.”

मी म्हणाले, “म्हणजे?”

“तुम्ही मॅडमकडे गेलात तेव्हा. तुम्ही नको म्हणालात, पण मॅडमनी तर आतून धुवायला सांगितलेलं. म्हटलं, बघावं निघतंय का. दोनदा पिळलं. निघेना. म्हणून खाली घेत होतो, की गरम पाण्यात धरू, मग सुटेल.”

कुठल्या दिशेने पिळलं, किती जोर लावला, सांधा का सरकला नसेल, हे सगळे प्रश्न माझ्या मनात आले आणि त्या प्रश्नांचीच मला शिसारी आली. मॅडमच्या हातातला कप कलला आणि चहा साडीवर सांडला. त्यांना ते कळलं नाही.

“चला,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “घरी सोडते तुम्हाला.”

“सायकल आहे, मॅडम.”

“सायकल राहू द्या. प्रणाली, तूही ये.”

शकीलभाई पुढे बसले, मी मागे. मॅडम कधी नव्हे त्या सावकाश गाडी चालवत होत्या. वाटेत नवरात्राच्या मांडवांचे आवाज येत होते, मुली नटून चालल्या होत्या. शकीलभाई फक्त डावीकडे, उजवीकडे एवढं सांगत होते. त्यांचं घर रेल्वे फाटकाच्या पुढच्या गल्लीत होतं. गाडी जाईना, शेवटचं थोडं चालत गेलो. माझी अपेक्षा होती की मॅडम कोपऱ्यावरूनच वळतील. त्या दारापर्यंत आल्या.

त्यांच्या पत्नी रेहानाभाभी बाहेर आल्या आणि आम्हाला बघून डोक्यावरचा पदर सारखा करू लागल्या. त्यांना वाटलं, पूजेचं काही सामान घरी राहिलं असेल. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “सायकल कुठंय? आणि आज मॅडम कशा?”

शकीलभाई म्हणाले, “काही नाही गं. सोडायला आल्या.”

“एवढ्या लांब सोडायला?” त्या हसल्या. “मॅडम, हे रोज येतात की सायकलवर.”

शकीलभाई माझ्याकडे बघत होते. त्यांना मी काहीतरी सांगून वेळ निभावून न्यायला हवी होती, आणि माझ्या तोंडात तसं वाक्य तयारही होतं.

“मी सांगते,” मॅडम म्हणाल्या. “आत येऊ का?”

खोली लहान होती. मॅडम लोखंडी कॉटच्या कडेवर बसल्या, मी दाराशी. रेहानाभाभी पाण्याचे पेले घेऊन आल्या आणि पेले हातात धरूनच उभ्या राहिल्या, कारण मॅडमनी सांगायला सुरुवात केली होती. वर्गात शिकवतात तशा आवाजात, पायरीपायरीने. बाटलीत काय होतं. ती वाळली की काय होतं. तिला वर्षातून एकदा पाणी घालायचं असतं हे आपल्याला माहीत करून घ्यायला हवं होतं. ही मुलगी धोका सांगायला आली तेव्हा आपण तिची थट्टा केली. कुलगुरूंना स्वच्छ दिसावी म्हणून बूच काढायला आपणच सांगितलं, आणि शकीलभाईंनी ते दोनदा पिळलं. माळावर केवढा आवाज झाला. यातलं काही त्यांनी गाळलं नाही आणि काही सौम्य करून सांगितलं नाही. शेवटी म्हणाल्या, “हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. ते तुम्हाला सांगणार नव्हते.”

रेहानाभाभींनी पेले खाली ठेवले. आमच्याकडे न बघता त्या माझ्या शेजारून गेल्या, रस्त्याकडचं दार त्यांनी आतून लावलं, कडी घातली, आम्ही दोघी आत असतानाच. आणि परत येऊन नवऱ्याच्या अंगाला लागून बसल्या.